तिकीट कधी काढावं?

स्टुटगार्टहून बार्सिलोनाला उन्हाळ्यात जायचं असेल तर विमानाचं तिकीट कधी काढावं, हे युरोपातल्या लोकांना उमगत नसेल तर त्यांनी खुशाल टेंभुर्णीला फोन करावा. मी सांगतो. मी स्वतः अजून विमानात बसलेलो नाही, हा मुद्दा इथं गैरलागू आहे. पंचांग सांगणाऱ्याला कुणी विचारतं का, की महाराज, शनीवर जाऊन आलात काय?

हा अधिकार मी कष्टानं मिळवलाय. गावात कुणाला मुंबईला जायचं असो की तिरुपतीला, जालन्याहून रिझर्व्हेशन करायचं म्हटलं की माणूस आधी माझ्या ओट्यावर येतो. पूर्वी ते 120 दिवस आधी उघडायचं. 1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेनं 60 दिवसांवर आणलं, ही बातमी गावाला माझ्या तोंडून कळली. तत्काळ एसीचं दहाला, स्लीपरचं अकराला. दहाला पाच मिनिटं कमी असताना मी रेंजसाठी मोबाइल घेऊन गच्चीवर चढतो, तेव्हा घरातलं कुणी मला हाक मारत नाही. याला मी धाक म्हणतो. बायकोचं म्हणणं, ‘‘त्या वेळेला तुमच्याकडं कुणाचं कामच नसतं.’’

मुलगी लग्न होऊन स्टुटगार्टला गेली आणि माझं कार्यक्षेत्र एकदम वाढलं. देवगिरी एक्स्प्रेसवरून मी थेट रायनएअर, ईझीजेट आणि विझ एअरवर आलो. दर मे महिन्यात तिचा फोन येतो. ‘‘अण्णा, यंदा बार्सिलोनाचं ठरतंय. तिकीट आत्ताच काढू का थांबू?’’ मी लगेच हो-नाही म्हणत नाही. आधी घसा साफ करतो. मग विचारतो, ‘‘तारखा कोणत्या?’’

माझा सिद्धांत असा. जर्मनीत उन्हाळ्याच्या सुट्ट्या राज्याराज्यात वेगवेगळ्या लागतात; अख्खा देश एकाच शनिवारी रस्त्यावर येऊ नये म्हणून ती सोय केलेली. स्टुटगार्टकडची सुट्टी जुलैच्या अखेरीला लागते, म्युनिककडची त्याच्याही मागून. ऐन सुट्टीतल्या तारखा हव्या असतील तर जानेवारी-फेब्रुवारीतच तिकीट काढून मोकळं व्हावं. जूनच्या सुरुवातीला नाहीतर सप्टेंबरच्या अखेरीला जायचं असेल तर दीड-दोन महिने आधी काढलं तरी भागतं. मंगळवारी-बुधवारी उडावं, शुक्रवार-रविवार टाळावा. मंगळवारी मध्यरात्री बुक केलं की स्वस्त पडतं, ही मात्र अंधश्रद्धा. वार उडायचा बघावा, पैसे भरायचा नव्हे. हे मी पारावर सांगतो तेव्हा मंडळी गंभीरपणे माना डोलावतात आणि विचारतात, ‘‘बरं अण्णा, सोयाबीनचं काय व्हईल?’’

तारखेनंतर मी दुसरा प्रश्न विचारतो तो विमानतळाचा, आणि या विषयावर टेंभुर्णीकराइतकं अधिकारानं बोलणारा माणूस जगात सापडणार नाही. कारण महाराष्ट्रात टेंभुर्ण्या दोन. एक आमची, जाफ्राबाद तालुका, जिल्हा जालना. दुसरी माढा तालुक्यातली, जिल्हा सोलापूर. ती पुणे-सोलापूर हायवेवर बसली असल्यामुळं जास्त नावारूपाला आली. पुण्यात कुणालाही गाव सांगितलं की समोरचा आनंदानं म्हणतो, ‘‘अरे, आम्ही तिथं चहाला थांबतो की!’’ थांबत असाल बाबा, आमच्याकडं कशाला थांबताय? आमच्याकडं यायचं तर मुद्दाम यावं लागतं. लग्नपत्रिकेत आम्ही मुलीच्या नावाइतक्याच ठळक अक्षरात ‘जि. जालना’ छापतो. तरीही हिच्याकडचे एक पाहुणे पुतण्याच्या लग्नाला पुण्याहून निघाले आणि त्या टेंभुर्णीत उतरले. ‘‘गावात आलोय, मंडप कुठंय?’’ असा फोन. इकडं आम्ही वेशीवर माणूस उभा केलेला. अर्धा तास दोघं एकमेकांना मारुतीच्या देवळाची खूण सांगत होते. मारुतीचं देऊळ कोणत्या गावात नसतं? मधे बीड आणि धाराशिव असे दोन जिल्हे आहेत हे कळलं तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. पाहुणे पडले व्यवहारी. तिथंही एक लग्न चालू होतंच, ते तिथल्या पंगतीत बसले आणि वर आहेर करून आले. आमचा आहेर त्या टेंभुर्णीत गेला तो गेलाच. बायकोसमोर हा विषय अजून काढता येत नाही.

त्यामुळं युरोपातली स्वस्त विमानं नेमकी कुठं उतरवतात, हे मला एका झटक्यात कळलं. फ्रँकफर्ट-हान नावाचा विमानतळ फ्रँकफर्टपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. पॅरिस-बोव्हे हा पॅरिसच्या बाहेर ऐंशीएक किलोमीटरवर, तिथून बसनं सव्वा तास. मेमिंगेन हे दूरचं गाव तर ‘म्युनिक वेस्ट’ म्हणून विकलं गेलं. या हिशेबानं चिकलठाण्याच्या विमानतळाला ‘टेंभुर्णी पश्चिम’ म्हणायला काहीच हरकत नाही. सरपंचांच्या कानावर मी घातलंय. तात्पर्य, तिकीट एकोणीस युरोचं दिसलं की आधी नकाशा उघडावा. पुढं बसचं भाडं, वर बॅगेचे पैसे. फुकट फक्त सीटखाली मावेल तेवढी पिशवी. आमच्या हिची एका दिवसाच्या माहेराची पिशवीसुद्धा त्यात बसायची नाही.

तर मूळ मुद्दा भावाचा. एकाच विमानात शेजारी बसलेल्या दोघांनी वेगवेगळे पैसे मोजलेले असतात. एकशेऐंशी सीटांच्या विमानात थोड्या सीटा अगदी स्वस्त ठेवायच्या, त्या गेल्या की पुढच्या थोड्या महाग, मग आणखी महाग. शेवटी येतो तो अडलेला माणूस, त्याला काय वाटेल तो भाव. हे शास्त्र अमेरिकन एअरलाइन्सनं 1985 साली मोठ्या प्रमाणावर वापरलं. समोर पीपल एक्स्प्रेस नावाची स्वस्तातली कंपनी उभी होती. अमेरिकननं कॉम्प्युटरकडून हिशेब करून घेतला: रिकाम्या राहणाऱ्या सीटा तिच्याइतक्या स्वस्त, घाईच्या माणसाच्या सीटा महागच. 1987 पर्यंत पीपल एक्स्प्रेस संपली होती. पुढं 1990च्या दशकात युरोपनं आपलं आकाश एकमेकांच्या कंपन्यांना खुलं केलं आणि हेच शास्त्र तिकडं मुरलं. कधी विकायचं, किती विकायचं, केवढ्याला विकायचं आणि कधी हात आखडता घ्यायचा, सगळं विकणाऱ्याच्या हातात.

हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. विमान उडालं की रिकाम्या सीटची किंमत शून्य. ती साठवता येत नाही, उद्या बाजारात नेता येत नाही. इतका नाशवंत माल, तरी त्याचा भाव मालक ठरवतो. आमचा कापूस घरात वर्षभर टिकतो. त्याचा भाव मात्र आम्ही सोडून बाकी सगळे ठरवतात. 2022 मध्ये कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात साऱ्या गावानं त्याच भावाची वाट बघत कापूस घरात भरून ठेवला. माजघरात कापूस, पलंगाखाली कापूस, पोरांच्या अभ्यासाच्या खोलीत कापूस. उन्हाळा लागला तशी घरादाराच्या अंगाला खाज सुटली. लेकरं खाजवून खाजवून रडायची. भाव उतरत गेला तो गेलाच. शेवटी पेरणीच्या तोंडावर, बियाण्याला पैसा लागतो म्हणून, जो भाव मिळाला त्याला दिला. 2025 च्या ऑगस्टमध्ये, आमचा कापूस शेतात उभा असताना, सरकारनं परदेशी कापसावरचं अकरा टक्के आयात शुल्क तात्पुरतं काढून टाकलं. विमान कंपनीच्या भाषेत आम्ही कायमचे अडलेले. फरक एवढाच, की अडलेला प्रवासी जास्त पैसे देतो आणि अडलेला शेतकरी कमी घेतो.

‘आत्ता का थांबू?’ हा प्रश्न आमच्या रक्तात कसा भिनलाय ते यावरून कळावं. युरोपच्या तिकिटांत मला एवढी गोडी वाटते, तीही त्यामुळंच असेल. तिथं अंदाज चुकला तर दुसऱ्या कुणाची तरी सहल महाग होते, आपल्या घरात खाज सुटत नाही.

एक गोष्ट मी मुलीला कधी बोलून दाखवलेली नाही. तिच्या ऑफिसात वर्षभराच्या रजा जानेवारीतच लिहून द्याव्या लागतात, हे जावई एकदा बोलता बोलता सांगून गेले. जानेवारीत रजा मंजूर झालेली माझी मुलगी तिकिटासाठी मेपर्यंत हातावर हात धरून बसेल? तत्काळच्या रांगेत वाढलेली पोर आहे ती. तिकीट केव्हाच निघालेलं असतं. तरी मेमध्ये ती फोन करते, मी घसा साफ करतो, तारखा विचारतो, विमानतळ कोणता ते विचारतो आणि शेवटी ‘‘आज रात्रीच काढून टाक, बाई’’ असा निकाल देतो. ती म्हणते, ‘‘बरं झालं विचारलं, अण्णा.’’ बायको आतून म्हणते, ‘‘तिला सांगा, खाऊन-पिऊन राहत जा. विमानाचं मरू द्या.’’

यंदा फोन ठेवता ठेवता मीच विचारलं, ‘‘बाई, घरातला कापूस आत्ता काढू का थांबू?’’

पलीकडून खाकरल्याचा आवाज आला. मग अमेरिकेतला वायदा बाजार, डॉलरचा भाव, बांगलादेशातल्या सूतगिरण्या असा सगळा पाढा तिनं वाचला. कापसाची वेचणी सोडून तिला एवढ्या लांबून सगळं दिसत होतं. ‘‘थांबा, अण्णा. जूनमध्ये चढेल.’’

‘‘बरं झालं विचारलं,’’ मी म्हणालो.

कापूस मी मार्चमध्येच विकून टाकला होता.