चिरंजीव सध्या प्रागला आहेत

सकाळी साडेसहाला भिस्तबाग चौकात कंट्रोलरसाहेब भेटले, की ते नमस्कार करत नाहीत. "चिरंजीव सध्या प्रागला आहेत," म्हणतात. बत्तीस वर्षं एसटीत गेली, त्यातली शेवटची काही तारकपूर स्टँडवर वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत. त्यामुळे कोण कुठे आहे आणि कुठे निघालंय, हे दोनदा पुकारल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. "चिरंजीव सध्या प्रागला आहेत. रात्रीच्या गाडीने व्हिएन्नाला निघतील." 'प्रवाशांनी नोंद घ्यावी' एवढंच म्हणायचं राहतं. मी नोंद घेतो. मी भूगोल शिकवून निवृत्त झालो, पण अख्ख्या नोकरीत ब्रातिस्लाव्हा कुठे आहे हे मला एकाही विद्यार्थ्याने विचारलं नव्हतं. आता दर सोमवारी माझी तोंडी परीक्षा असते.

चिरंजीव म्हणजे एकच मुलगा समजू नका. हे वाण आहे, आणि सावेडीत ते आता गल्लोगल्ली लागलंय. पूर्वी आळीत एखादाच मुलगा परदेशी असे, आणि तो अमेरिकेत असे. गेला की गेला. चार-पाच वर्षांनी उगवे, चॉकलेटं वाटी, पाणी उकळून पिई आणि परत जाई. तिकडे तो कुठे फिरतो, काय खातो, याचा पत्ता नसे. हे नवं जर्मन वाण तसं नाही. सोमवार ते शुक्रवार ते बेपत्ता असतं आणि शनिवार-रविवारी सर्वत्र असतं.

याची रोपं पुण्यात तयार होतात. इंजिनीअरिंगची चार वर्षं चिरंजीव पुण्यात होते, तेव्हाही त्यांना वीकेंड होताच. शुक्रवारी संध्याकाळी मळक्या कपड्यांची बॅग घेऊन नगरच्या गाडीत बसायचं, दोन दिवस झोपायचं आणि रविवारी धुतलेल्या कपड्यांवर चिवड्याचा डबा ठेवून परतायचं. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ला पुणे-नगर रस्त्यावर धावली, हे कंट्रोलरसाहेब फार अभिमानाने सांगतात. ती नेमकी कशासाठी काढली असावी, हे मला चिरंजीवांकडे बघून कळलं. त्या चार वर्षांत त्यांनी भुईकोट किल्ला पाहिला नाही. चांदबिबीचा महाल पाहिला तो पाथर्डी रोडवरून जाताना, गाडीच्या काचेतून. कळसूबाई आपल्याच जिल्ह्यात आहे म्हटल्यावर "नाशिककडे ना ती?" असं मलाच विचारलं.

मग जर्मनी ठरलं. तिकडच्या सरकारला आधी खात्यात वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो ठेवलेले दाखवावे लागतात. मुलगा तिथे पोचला की त्यातले महिन्याला ९९२ त्याला मिळतात. "म्हणजे आपलाच फंड आपल्याला हप्त्याने," कंट्रोलरसाहेब म्हणाले, आणि त्यांनी खरोखरच स्वतःचा फंड त्यात घातला. उरलेलं बँकेचं कर्ज. बॅगा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेऊन गव्हाच्या काट्यावर जोखल्या. वजन जास्त भरलं तेव्हा वहिनींनी पुस्तकं काढली आणि कुकर ठेवला.

गावाचं नाव केम्निट्झ. पहिले दोन महिने आमच्याकडे त्याला 'चिमणी' म्हणत. १९५३ ते १९९० या काळात त्याचं नाव कार्ल-मार्क्स-श्टाट होतं, पुढे परत जुनं झालं. हे कळल्यावर साहेबांना त्या गावाबद्दल एकदम जवळीक वाटली, कारण त्यांच्या घरी अजून आधारकार्डावर अहमदनगर, नव्या पाटीवर अहिल्यानगर आणि तोंडात नुसतं नगर आहे. तिथे भर रस्त्यात मार्क्सचं सात मीटर उंच डोकं बसवलंय. खाली धड नाही. चिरंजीवांनी पहिला फोटो पाठवला तो या डोक्यापुढचा. वहिनी बराच वेळ पाहत होत्या. "बाकीचं पुढच्या वर्षी बसवणार असतील," म्हणाल्या.

आता मुख्य विषय, म्हणजे फिरण्याची पद्धत. जर्मनीत विद्यार्थ्याला एक स्वस्त पास मिळतो. देशभरात कुठेही ट्राम, बस, साधी रेल्वे चालते. फक्त वेगाच्या गाड्यांत बसायचं नाही. आपल्या एसटीच्या 'आवडेल तेथे प्रवास'चाच तो भाऊ. त्यामुळे जिथे वेगाची गाडी चार तासांत जाते, तिथे चिरंजीव पाच गाड्या बदलून अकरा तासांत पोचतात आणि पैसे वाचले म्हणतात. देशाबाहेर जायचं तर रात्रीची हिरवी बस. ती रात्रीचीच घ्यायची, कारण मग हॉस्टेलच्या एका रात्रीचं भाडं वाचतं. पहाटे पाचला एखाद्या राजधानीच्या शहरात उतरायचं, स्टेशनात दात घासायचे आणि सगळं उघडेपर्यंत नदीकाठी कुडकुडत 'व्हाइब' घ्यायची. बरोबर तिघं असतात: एक संगमनेरचा, एक नांदेडचा आणि एक तेलंगणाचा, जो आता पिठलं मागून खातो. दुपारी कुठल्या तरी कॅथेड्रलच्या पायरीवर पाव, शेंगदाण्याची चटणी आणि नळाचं पाणी. पाण्याची रिकामी बाटली टाकायची नाही. जर्मनीत ती मशिनमध्ये घातली की २५ सेंट परत मिळतात. पूर्वी सोड्याची बाटली परत करताना आपण जेवढे हिशेबी होतो, तेवढे चिरंजीव तिथे जाऊन झालेत. पुण्यात असताना हेच गृहस्थ दोनशे रुपयांची कॉफी अर्धी टाकून उठत.

पाहायचं काय, तर जे फुकट आहे ते. पॅरिसचं लूव्हर संग्रहालय, कारण युरोपात राहणाऱ्या सव्विशीच्या आतल्यांना तिथे तिकीट नाही. मोनालिसा 'ओव्हररेटेड' निघाली. आयफेल टॉवरला दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या आहेत आणि जिन्याचं तिकीट लिफ्टपेक्षा स्वस्त आहे. ज्याने गच्चीवरची टाकी भरली का हे बघायला जायचं म्हणून आईशी भांडण काढलं, तो त्या चढून गेला. राजा लुडविगचा डोंगरावरचा तो परीकथेतला किल्ला बाहेरून, कारण आत तिकीट. गाइडची फुकट फेरी असते, शेवटी खुशीने काही द्यायचं. शेवट जवळ आला की चौघांच्याही बुटांच्या नाड्या एकदम सुटतात. आणि देश मोजायची रीत अशी, की बस डिझेलला थांबली आणि आपण खाली उतरलो, तर तो देश झाला. अशाने अठरा झालेत.

यातला लक्झेंबर्ग कंट्रोलरसाहेबांना सोसला नाही. तिथे २०२०पासून बस, ट्राम, रेल्वे सगळ्यांना फुकट. साहेब चौकातल्या बाकावर बसले. "तिकीटच नाही?" "नाही." "मग कंडक्टर काय करतो?" मी म्हटलं, नसेलच. त्या दिवशी त्यांनी पुढची फेरी मारली नाही.

गेल्या डिसेंबरात चिरंजीव तीन आठवडे नगरला आले होते. पहिल्या दिवशी दिल्लीगेटला रस्ता ओलांडायला उभे राहिले आणि गाड्या थांबण्याची वाट पाहू लागले. अर्ध्या तासाने धाकटा चुलतभाऊ येऊन हात धरून घेऊन गेला. रविवारी दुकानं उघडी बघून दचकले, कारण तिकडे रविवारी साधं दूध मिळत नाही, आणि कचरा टाकताना "याचा डबा कुठला?" म्हणून आईच्या मागे हिंडले. मग एकाएकी त्यांना नगर बघायचं होतं. 'हिडन जेम' म्हणे. शब्द वाईट नाही, पण पाचशे वर्षं उघड्यावर उभ्या असलेल्या गावाला हिडन कोणी केलं, हे विचारायला हवं. मी त्यांना अरणगावला मेहेराबादला नेलं. तिथे जानेवारीअखेरच्या अमरतिथीसाठी परदेशी मंडळी आधीपासून येऊन राहतात. एक जर्मन आजी भेटल्या. चिरंजीवांनी आपलं जर्मन काढलं, आजींनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि इंग्रजीत विचारलं, "चांदबिबीचा महाल पाहिला असेलच?" पाहिला आहे, चिरंजीव म्हणाले, काचेचं सांगितलं नाही. "तो महाल नाहीच मुळी," आजी म्हणाल्या. "सलाबतखानाची कबर आहे ती." नगरच्या मुलाला नगरची माहिती जर्मन बाईकडून मिळाली. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठून तो डोंगरावर गेला आणि परत आल्यावर 'अंडररेटेड' म्हणाला.

तिकडून येणाऱ्या फोटोंची घरातली तपासणी अशी. साहेब फक्त गावाचं नाव बघतात. वहिनी बाकी सगळं बघतात. मागे दिसणारा राजवाडा त्यांच्या खिजगणतीत नसतो. मोबाइलवर दोन बोटं फाकवून त्या आधी गळ्याची हाडं बघतात, मग आत स्वेटर आहे का ते, मग फोटोच्या कडेला कोणाचं कोपर वगैरे आलंय का. "हा फोटो काढला कोणी?" हा त्यांचा कायमचा प्रश्न. "टायमर लावला, आई." "टायमर एवढा हसवतो होय?" याला उत्तर येत नाही, थोड्या वेळाने कबुतराचा फोटो येतो.

तर यंदा फेब्रुवारीत प्रागच्या फोटोत वहिनींना चिरंजीवांच्या कपाळावर, उजव्या भुवईच्या वर, एक पुटकुळी दिसली. हळद लाव म्हणून निरोप गेला. पुढच्या शनिवारी व्हिएन्ना, पुटकुळी तिथेच. तिसऱ्या शनिवारी ब्रातिस्लाव्हा. जागा तीच, आकार तोच, लालीही तीच. वहिनी घाबरल्या. तीन आठवडे न बसणारी पुटकुळी म्हणजे काय असू शकतं, हे त्यांना मोबाइलने सांगितलं, आणि मोबाइल कधी साधं काही सांगत नाही. त्या माझ्याकडे आल्या. "सर, तुमचं ऐकतो तो. डॉक्टरकडे जा म्हणावं."

त्या रात्री मी सवयीने नकाशा उघडला. प्राग, व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा. एकाच रस्त्यावरचे थांबे. व्हिएन्नाहून ब्रातिस्लाव्हा म्हणजे नगरहून नेवासा. तिथे आठवड्याला एक गाव करायचं आणि मध्ये दर वेळी केम्निट्झला परत जायचं, असं शेड्युल कुठल्या डेपोने लावलं असतं? फोन केला. चिरंजीव थोडा वेळ गप्प राहिले, मग हसले.

"सर, ती पुटकुळी चार दिवसांत गेली. फोटो अजून पुरतायत."

तीन महिन्यांतून एकदा चार दिवस जायचं. चार गावं, दोनशे फोटो. मग ते पापडासारखे पुरवून पुरवून वापरायचे, शनिवारी दोन आणि रविवारी एक.

"आणि बाकीचे शनिवार?"

"गोदामात. रात्रपाळी. पार्सलं स्कॅन करायची. परवानगी असते, सर, वर्षाला १४० पूर्ण दिवस. मी नियमात आहे."

"घरी का सांगत नाहीस?"

"फिरतोय म्हटलं की आई 'जपून जा' म्हणते आणि झोपते. काम करतोय म्हटलं की रडते. बाबा लगेच पैसे पाठवतो म्हणतील. तुम्हीच सांगा, कुठून पाठवतील?"

मी वहिनींना सांगितलं की थंड हवेतल्या पुटकुळ्या चिवट असतात. भूगोलाचा शिक्षक असल्याने हवामानाच्या बाबतीत माझ्यावर विश्वास ठेवतात. चिरंजीवांना मात्र एवढंच म्हटलं, की साठा जरा चाळून घे.

पुढच्या रविवारी बुडापेस्ट आलं. मागे डॅन्यूब, पूल, दिवे. डोक्यावर लोकरीची टोपी, भुवयांपर्यंत ओढलेली. वहिनींनी सगळ्या ग्रुपवर हात जोडल्याचं चित्र टाकलं. "घातली बाई एकदाची टोपी," असं त्याखाली लिहिलं. किती दिवस त्या टोपीसाठी मागे लागल्या होत्या.

सोमवारी साडेसहाला साहेब भेटले. "चिरंजीव सध्या बुडापेस्टला आहेत." बत्तीस वर्षांत या माणसाने ड्रायव्हर-कंडक्टरांच्या कितीतरी खोट्या नोंदी नुसत्या वासावर पकडल्या असतील. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांनी मफलर नीट केला.

"गाडी वेळेवर आहे ना?" मी विचारलं.

"राइट टाइम," म्हणाले, आणि माझ्यापुढे दोन पावलं टाकत चालू लागले.