दार उघडं, पाय जड

काळा घोडा-कुलाब्यातल्या कलादालनांनी महिन्यातला एक गुरुवार रात्री उशिरापर्यंत दारं उघडी ठेवायची टूम काढली. तिकीट नाही, ओळख लागत नाही. पण मुंबईकर फुकटाला जितका सोकावलेला, तितकाच काचेच्या दाराला बिचकणारा. शिरलाच आत, तर चित्राआधी किंमत शोधतो. तिथे चित्र विकल्याची लाल टिकली दिसली की ‘गेलं वाटतं!’ म्हणून हळहळतो, जणू चेकबुक खिशातच होतं. शेजारी खुद्द चित्रकार उभा, त्याला विचारतो, “टॉयलेट कुठंय?”

१९५२ पासून उघड्या असलेल्या जहांगीर कलादालनात निदान ‘समोवार’ हे उपाहारगृह होतं. चहा-पराठ्याच्या निमित्ताने चार चित्रं नजरेखालून जायची. २०१५ साली तेही बंद झालं. आता सगळी भिस्त निव्वळ कलेवर, आणि एवढा धोका कुठला शहाणा कलाकार पत्करेल?