जिल्हा विभाजन आणि सोळावी उडी
'रिप' या राउटिंग प्रोटोकॉलची रीतसर नोंद 1988 ची, पण त्याची रीत नगर जिल्ह्याला आधीपासूनच ठाऊक असावी. राउटरला अख्खा नकाशा कधीच माहीत नसतो. दर 30 सेकंदांनी शेजारी सांगेल ते खरं धरायचं, त्यात एक उडी मिळवायची आणि पुढे ढकलायचं. जिल्हा विभाजनाची बातमी अशीच फिरते. मुख्यालय श्रीरामपूरला, असं संगमनेरात कळतं. तिथून निघेपर्यंत ते संगमनेरचं झालेलं असतं, आणि शिर्डीवाले तिसराच मार्ग जाहीर करतात. मूळ रस्ता केव्हाच तुटलेला, तरी शेजारी एकमेकांच्या भरवशावर आकडा वाढवत बसतात. रिपमध्ये निदान सोळावी उडी म्हणजे अनंत, तिथे विषय मिटतो. (आपले तालुकेच 14; हद्द लागायची कशी?)

यावर तोड 'स्प्लिट होरायझन'ची: ज्या इंटरफेसवरून ऐकलं, त्याच इंटरफेसवर ते परत सांगायचं नाही. ही कमांड एकदा माळीवाडा स्टँडवर चालवून बघा! 'पॅसिव्ह इंटरफेस'ही आहे; ऐकायचं सगळं, बोलायचं काहीच नाही. तो मंत्रालयाच्या बाजूने कायमचा चालू आहे. 2024 मध्ये तिकडून एक अपडेट मात्र आलं: जिल्हा तोच, नाव अहिल्यानगर.