शनिवारचे पाहुणे आणि मुक्कामाची माणसं

शनिवारी नागावचा समुद्र मोठा दिसतो. असतो तेवढाच, पण बघणारे वाढले की तोही थोडा मिरवू लागतो, असं आपलं मला वाटतं. मांडव्याला बोटीतून उतरलेली मुंबई अलिबाग मागे टाकते, आमच्या वाड्यांमधल्या अरुंद रस्त्यात शिरते, कुंपणांना गाडीचे आरसे घासत किनारा गाठते आणि लाटेत उभी राहून दोन्ही हात पसरते. ‘आपण इथंच राहायला यायला हवं रे,’ असं कुणीतरी दर शनिवारी म्हणतंच. रविवारी दुपारी तितक्याच कळकळीने परतीच्या बोटीची चौकशी होते. आम्ही मात्र, ज्यांचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे, महिना महिना तिकडे फिरकत नाही. त्याची गाज झोपेत कानावर असते, त्याचा गंज खिडकीच्या गजांवर असतो. इतक्या जवळ राहणाऱ्याला मुद्दाम भेटायला जायचं म्हणजे जरा अवघडल्यासारखंच होतं.

देवाच्या बाबतीत मी स्वतः शनिवारच्या पाहुण्यांतला. सणावारी जातो, भारावतो आणि परतीच्या वेळेकडे लक्ष ठेवतो. त्यामुळे त्याच्याकडे कायमच्या मुक्कामाला गेलेल्या माणसांचं मला फार कुतूहल आहे. अशी माणसं आमच्याच रस्त्याला, पुढे काही मैलांवर आहेत.

नागावहून चौल, चौलहून रेवदंडा. तिथल्या पोर्तुगीज तटबंदीच्या आत आता वाड्या आहेत. पडक्या चर्चच्या भिंती नारळी-पोफळीतून डोकावत असतात. संत फ्रान्सिस झेवियर इथे प्रवचन करून गेले असं सांगतात. कुंडलिकेच्या खाडीवरचा साळावचा पूल ओलांडला की कोर्लई. पोर्तुगीज 1740 साली इथून गेले. तोफा, कप्तान, दरबारी रुबाब सगळं आवरलं गेलं आणि डोंगराच्या पायथ्याशी उरली ती साधी, कष्टकरी ख्रिस्ती कुटुंबं. सोयरीक जुळवणारे निघून गेले आणि संसार मात्र टिकला, असा हा प्रकार. राजाश्रयासाठी कुणी त्या देवाला धरून होतं म्हणावं, तर राजा जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षं झाली. देव अजून तिथंच आहे, माउंट कार्मेल मातेच्या चर्चमध्ये.

या लोकांच्या घरातली बोली पोर्तुगीजची लेक. मराठीच्या शेजारात वाढल्याने तिचं वळण पुष्कळसं आपल्यासारखं झालं आहे. बोलणारे हजाराच्या आसपास. ते तिला ‘नो लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. रोमन कॅथलिकांची मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, पूर्वी जगभर लॅटिनमध्ये होई. 1962 ते 1965 या काळातल्या व्हॅटिकनच्या धर्मसभेने उपासना लोकांच्या भाषेत करायला मुभा दिली. कोर्लईत लोकांची म्हणून जी भाषा आली, ती मराठी! म्हणजे पोराला ओरडायचं ते पोर्तुगीजच्या लेकीत आणि देवाशी बोलायचं ते ज्ञानोबांच्या मराठीत. देव बिचारा लॅटिन सोडून मराठी शिकला, पण घरची बोली त्याला चर्चच्या पायऱ्यांवरच ऐकायला मिळत असणार. तरी कुणाचं काही अडलेलं नाही. नातं पुरेसं जुनं झालं की भाषेची अडचण दोघांनाही फारशी जाणवत नसावी.

आमच्या आजीचं विठोबाशी असंच होतं. ती अंगणात वाळत घातलेली सुपारी दुपारभर हाताने उलथीपालथी करत बसायची. एकेक सुपारी कानाशी नेऊन हलवायची, आत खुळखुळली की डावीकडे, नाहीतर उजवीकडे. हे चालू असताना ती विठोबाला बोल लावायची. त्यात स्तुती अशी नसायचीच. पाऊस अवेळी आला, थोरल्याचं लग्न जमत नाही, तू विटेवर उभा राहून करतोस तरी काय, अशी सरबत्ती. लहानपणी मला भीती वाटायची की देव रागावेल. आता वाटतं, ज्याच्याशी असं भांडता येतं तो घरातलाच असतो. पाहुणे कधी भांडत नाहीत. ते ‘छान होतं हं’ म्हणतात आणि निघतात.

कोकणातलाच आणखी एक माणूस असा मुक्कामाला गेला. नारायण वामन टिळक, जन्म 1861, रत्नागिरी जिल्ह्यातलं करजगाव. 1893 साली आगगाडीत एका अनोळखी परदेशी माणसाने त्यांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत करून तो आपल्या वाटेने गेला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्यांनी ख्रिस्ताला गुरू केलं, तेही आपल्या पद्धतीने. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. त्यांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली. मराठी चर्चमध्ये ती आजही टाळ-पेटीवर म्हटली जातात.

हे सगळं थोर आहेच, पण माझा जीव गुंततो तो त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंपाशी. नवरा बाटला म्हणून ही बाई काही वर्षं त्याच्यापासून दूर राहिली. मग लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन परतली, ती आपलं सोवळं बरोबर घेऊनच. तिची चूल निराळी, पाणी निराळं. नवरा देवाच्या राज्यात सगळे एक आहेत असं सांगत हिंडतोय आणि बायको घरातली घागर त्याच राज्यापासून जपतेय. शिवाय नवरा साधा नव्हे. भलता तापट, भलता प्रेमळ, पैसा हाती न टिकणारा, मनात आलं की निघून जाणारा. ‘मागेल त्याला दे’ हे येशूचं सांगणं त्यांनी अक्षरशः घेतलं होतं. हे ज्यात येतं ते येशूचं डोंगरावरचं प्रवचन ऐकायला फार सुंदर आहे, पण ते घरात राहायला आलं की डबे रिकामे होतात, आणि रिकाम्या डब्यांशी गाठ असते बाईची.

आध्यात्मिक वाढ म्हणतात ती लक्ष्मीबाईंच्या बाबतीत इथे, या डब्यांपाशी झाली असावी असं माझं मत आहे. टिळक ख्रिस्ताबरोबर राहत होते आणि त्या टिळकांबरोबर राहत होत्या. ख्रिस्त त्यांच्याकडे ग्रंथातून येण्याआधी नवऱ्याच्या उधळेपणातून, घरात आणून ठेवलेल्या परक्या पोरांतून, संतापानंतर मागितलेल्या क्षमेतून येत राहिला. एके दिवशी त्यांच्या मनाने विचारलं की या जाती देवाने केल्या की माणसाने, आणि सोवळं सुटलं. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कुणाच्या समजावण्याने ही बाई हलली असती असं मला वाटत नाही. सहवासाने मात्र ती हलली.

टिळक पुढे 1917 साली ख्रिस्ती मिशनच्या पगारी कामातून बाहेर पडले आणि साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्ताच्या ओढीने येणाऱ्या कुणालाही, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, तिथे जागा होती. 9 मे 1919 रोजी ते गेले. ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य त्यांच्या हातून अपुरं राहिलं. ते पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी! या ख्रिस्तापायी जिचा संसार एकदा मोडला, जिने त्याच्या नावाने बोटं मोडली असतील, जी शाळेत कधी गेली नाही, तिने त्याचं चरित्र ओव्यांत लिहीत नेलं. पुराव्यादाखल मला तरी याहून अधिक काही लागत नाही.

त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग 1934 साली आला, त्या 1936 साली गेल्या. पुस्तक अजून सहज मिळतं. वाचलं नसेल तर जरूर वाचा. फक्त वाचनालयात अध्यात्माच्या कपाटात शोधू नका, आत्मचरित्रांत बघा, आणि संक्षिप्त आवृत्ती हाती आली तर परत करून पूर्ण मागून घ्या.