चौकटीतली मुंबई

काशीमिऱ्यात राहणाऱ्या माणसाला ‘तुम्ही मुंबईचे का?’ असं कुणी विचारलं, तर उत्तर देण्याआधी विचारणारा कुठला आहे ते बघावं लागतं. सांगलीच्या मावशीपुढे मी बेलाशक मुंबईकर असतो, कारण तिच्या लेखी पनवेल ओलांडलं की पुढे समुद्रापर्यंत सगळी मुंबईच. दादरच्या आत्याला मात्र काशीमिरा म्हटलं की घोडबंदरचा किल्ला, डोंगरातला बिबट्या आणि गुजरातकडे निघालेले ट्रक एवढंच डोळ्यांपुढे येतं. आमच्याकडे यायचं ठरलं की ती पाण्याची बाटली आणि स्वेटर घेऊन निघते. सरकारी कागदांवर आम्ही ठाणे जिल्ह्यातले, दहिसरच्या टोलनाक्याच्या पलीकडले. मुंबई ही आमच्यासाठी कित्येक वर्षं पैसे मोजून आत शिरायची गोष्ट होती, जत्रेतल्या पाळण्यासारखी. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये लहान गाड्यांचा टोल माफ झाला खरा, पण मनातला नाका इतक्या लवकर कुठला उठायला! वर्षातले थोडे दिवस मात्र मी हा नाका न थांबता ओलांडतो. ते दिवस म्हणजे रणजी करंडकाचे.

मी मुंबईच्या रणजी संघाचा चाहता आहे. हे वाक्य उच्चारल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जी शांतता पसरते, तिची मला आता सवय झाली आहे. २०२४च्या मार्चमध्ये आमच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमनने माझ्या हातातला मोबाइल बघून विचारलं, ‘‘साहब, आयपीएल चालू हो गया?’’ मी म्हटलं, ‘‘नहीं, मुंबई खेल रही है.’’ त्याने पडद्यावरचे पांढरे कपडे पाहिले, रिकाम्या सीमारेषेजवळून कॅमेरा सावकाश फिरताना पाहिला आणि कुणाच्या घरची वाईट बातमी ऐकावी तशी मान हलवली. तेव्हा अख्ख्या शहरात एकच चर्चा होती, आयपीएलच्या मुंबईने रोहितला काढून हार्दिकला कप्तान केलं ते बरं की वाईट. ती निळी मुंबई. माझी मुंबई पांढरी. दुपारी दोन वाजता देवळात जाणाऱ्या माणसासारखी माझी गत असते. गर्दी नाही, आरती नाही, घंटा वाजवायलाही संकोच वाटतो, कारण खुद्द देवाचाच जरा डोळा लागलेला असतो. पण गाभाऱ्यातला गारवा काय तो तेव्हाच कळतो.

माझं हे वेड फक्त एका माणसाला नीट समजलं, तो म्हणजे बोस्टनला राहणारा माझा भाचा. तिथे गेल्यापासून तो बेसबॉलच्या नादाला लागला आहे. त्यांचा संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो. शुक्रवार, शनिवार, रविवार असे ओळीने तीन दिवस त्याच पाहुण्या संघाशी. म्हणजे पाहुणे नुसते चहाला येत नाहीत, मुक्कामालाच येतात. ‘‘मामा, इथे होम टीम म्हणजे घरचं माणूस असतं,’’ तो सांगत होता. बोस्टनच्या त्या संघाने १९१८ नंतर थेट २००४ साली अजिंक्यपद मिळवलं, तेव्हा लोक संघाचे झेंडे घेऊन दफनभूमीत गेले आणि आजोबा-पणजोबांच्या थडग्यांपाशी ते रोवून आले. ८६ वर्षं! मी गप्प झालो. हे बोलणं झालं तेव्हा आमच्या मुंबईला शेवटचा करंडक मिळून आठ वर्षं झाली होती आणि मी त्याच्यापुढे तासभर रडगाणं गायलो होतो. पण ओळीने पंधरा वेळा करंडक घेतलेल्या घराला आठ वर्षांचा उपासही निर्जळी वाटतो, त्याला काय करणार? १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत दरवर्षी मुंबईच. त्या काळात जन्मलेल्या कितीतरी पोरांना रणजी करंडक हे मुंबईच्या एखाद्या कपाटाचंच नाव वाटत असणार.

हा आजार मला वडिलांकडून आला. अण्णा गिरगावातल्या चाळीत वाढलेले. त्यांचं सगळं क्रिकेट कालनिर्णयवर असे. भिंतीवरच्या कॅलेंडरात आई दुधाचा हिशेब लिहायची, कामवालीचे खाडे मांडायची, सिलिंडर लावल्याची तारीख टिपायची. त्याच चौकटीच्या उरलेल्या कोपऱ्यात अण्णा पेन्सिलीने दिवसअखेरचा धावफलक लिहीत. ‘दूध १ लि.’च्या शेजारी ‘४ बाद २८६.’ संकष्टीच्या चंद्रोदयाखाली ‘डावाने विजय.’ एकदा आईने त्यांचा ‘६२’ हा आकडा बाकी समजून दूधवाल्याच्या हातावर ठेवला होता आणि त्यानेही तो निमूट घेतला होता. त्यानंतर अण्णांना तारखेच्या डाव्या बाजूला लिहायला मनाई झाली. पण उजवी बाजू त्यांची राहिली, ती अखेरपर्यंत.

या जुन्या कॅलेंडरांतलं १९९१चं मी अजून जपून ठेवलं आहे. त्या वर्षीच्या मे महिन्यात वानखेडेवर हरियाणाशी अंतिम सामना झाला. शेवटच्या दिवशी मुंबईपुढे ३५५ धावांचं लक्ष्य होतं. मंगळवार होता. अण्णा ऑफिसात ‘घरी पाहुणे आलेत’ असं सांगून मैदानावर गेले. कपिलदेव आणि त्याचा संघ हे पाहुणेच की, तेव्हा ते खोटं नव्हतं. वेंगसरकर नाबाद १३९ धावांवर एका टोकाला उभा राहिला आणि दुसऱ्या टोकाचा शेवटचा गडी धावचीत झाला. मुंबई दोन धावांनी हरली. भर मैदानात वेंगसरकरच्या डोळ्यांत पाणी आलं, हे साऱ्या देशाने पाहिलं. अण्णांचं कुणी पाहिलं नाही. ते वानखेडेहून गिरगावापर्यंत चालत आले, ताटावर बसले, वरणभात कालवला आणि तसाच ठेवून उठले. ७ मेच्या चौकटीत त्यांनी काहीच लिहिलं नाही, फक्त एक आकडा: २. त्या दिवशी दूधही दोनच लिटर आलं होतं की काय कोण जाणे, पण पुढे कित्येक दिवस आई त्या आकड्याकडे हिशेबाच्या नजरेने बघत नव्हती, एवढं मला आठवतं.

पुढे चाळीतली खोली पुरेनाशी झाली आणि आम्ही काशीमिऱ्याला आलो. तेव्हा हायवेच्या कडेला संध्याकाळ झाली की रातकिडे ऐकू येत. अण्णांनी नव्या घरात पहिल्यांदा खिळा ठोकला तो कालनिर्णयसाठी. ‘‘आता आपण मुंबईत नाही राहिलो,’’ आई म्हणाली. ‘‘राहिलो नाही म्हणून काय झालं,’’ अण्णा म्हणाले, ‘‘आपण मुंबईकडून आहोत.’’ ते गेले तेव्हा मुंबईच्या खात्यावर ४१ करंडक होते. खिळा तोच आहे. दुधाचा हिशेब आता बायको लिहिते, आणि सासऱ्यांची उजवी बाजू तिने काही न बोलता माझ्याकडे सोपवली आहे.

तर २ मार्च २०२४. शनिवार. बीकेसीच्या मैदानावर तामिळनाडूशी उपांत्य सामना. पाच दिवसांचा सामना, म्हणजे शनिवार-रविवार घरबसल्या बघायचा, सोमवारी ऑफिसात लपूनछपून आणि मंगळवारी रजा टाकून प्रत्यक्ष मैदानावर जायचं, असा माझा बेत होता. चौथा दिवस हा सामन्याचा मुरलेला दिवस, चौथ्या दिवशीच्या लोणच्यासारखा. मंगळवारच्या चौकटीत मी आठवडाभर आधीच ‘रजा – मॅच’ लिहून ठेवलं. शनिवारी सगळं दृष्ट लागण्यासारखं झालं. तामिळनाडूचे पाच गडी ४२ धावांत परतले, आणि सगळा डाव १४६ वर आटोपला. संध्याकाळी मुंबई २ बाद ४५. मी चौकटीत अक्षर जरा घोटूनच लिहिलं.

रविवारी सकाळी मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून मी स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी बसलो, आणि मुंबईची पडझड सुरू झाली. रहाणे गेला, श्रेयस अय्यर गेला. साई किशोरचा चेंडू पडून असा वळत होता, जसा काशीमिऱ्याच्या नाक्यावर रिक्षावाला वळतो: हात न दाखवता. ७ बाद १०६. माझा चेहरा पाहून बायको म्हणाली, ‘‘अहो, तुम्ही बसलात की पडतात. गॅलरीत जा बघू.’’ जाताना तिने सोमवारच्या उसळीसाठी भिजवलेल्या वालांचं पातेलं माझ्या हातात दिलं. मी गॅलरीत उभा राहून डाळिंब्या सोलू लागलो. समोर मेट्रोचे खांब, स्थळ यायची वाट बघणाऱ्या उपवर मुलांसारखे एका ओळीत उभे. आतून ती धावा ओरडून सांगायची आणि मी वालाचं साल अंगठ्याने दाबून डाळिंबी वाटीत उडवायचो.

शार्दूल ठाकूर नवव्या क्रमांकावर आला होता. आपल्याकडे तळाच्या फलंदाजांना शेपूट म्हणतात, आणि ते धावा काढू लागले की वर्तमानपत्रं ‘शेपूट वळवळलं’ असं लिहितात. त्यात कौतुकापेक्षा नवलच जास्त. त्या दिवशी हे शेपूट असं वळवळलं की पुढचा अख्खा प्राणी त्याच्यामागून फरफटत गेला. हार्दिक तामोरेबरोबर आठव्या विकेटला १०५ धावा. शार्दूलच्या १०४ चेंडूंत १०९, प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधलं त्याचं पहिलं शतक. भागीदारी रंगात आली तसे माझे वाल संपत आले. संपले आणि विकेट पडली तर? हा विचार माझ्या मनात येतो न येतो तोच बायको शेंगदाण्यांचं ताट घेऊन गॅलरीत आली. ‘‘हे पण सोला,’’ एवढंच म्हणाली. भाजलेल्या दाण्यांची सालं वाऱ्यावर उडून खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरीवर पडत होती आणि तिकडे दहाव्या क्रमांकाचा तनुष कोटियन शांतपणे खेळत होता. त्याच आठवड्यात बडोद्याविरुद्ध कोटियन आणि अकराव्या क्रमांकाचा तुषार देशपांडे, दोघांनीही शतकं ठोकली होती. दहाव्या आणि अकराव्या फलंदाजाने एकाच डावात शतक करण्याचा प्रकार त्याआधी प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये एकदाच घडला होता, १९४६ साली ओव्हलवर, सरवटे आणि बॅनर्जी या जोडीकडून.

दाणे सोलता सोलता मला एक गोष्ट सुचली आणि मी एकटाच हसलो. शार्दूल पालघरचा, लहानपणी किटबॅग सांभाळत आमच्याच पश्चिम रेल्वेने खाली येणारा. देशपांडे कल्याणचा. कप्तान रहाणे डोंबिवलीत वाढलेला. माझ्या या पांढऱ्या मुंबईला सांभाळणारी पोरं नकाशात बघावीत तर सगळी नाक्यापलीकडली! शहराचंही शेपूट असतं, आणि आम्ही तिथे राहतो. चर्चगेटहून सुटलेली मुंबई दादरला दमते, बोरिवलीला बसायला जागा शोधते आणि दहिसरला ‘संपले’ म्हणून पाटी लावते. त्यापुढे आम्ही. ७ बाद १०६ झाल्यावर फलंदाजीला येणारे. आत्याला हे फोन करून सांगावं असं फार वाटलं, पण तिला क्रिकेटमधलं काही कळत नाही, आणि स्वेटरचं मी मनावर घेतलंय हे मात्र लगेच कळलं असतं.

रविवारअखेर ९ बाद ३५३. सोमवारी ऑफिसात मी टेबलाखाली मोबाइल धरून होतो आणि मनात एक विचित्र द्वंद्व चाललं होतं. मुंबई जिंकायला हवी होती, पण इतक्या घाईने नको होती. कोटियन नाबाद ८९, मुंबई ३७८. मग तामिळनाडूचे गडी एकामागून एक जाऊ लागले आणि आयुष्यात पहिल्यांदा मी पाहुण्यांसाठी देव पाण्यात घातले: थांबा हो, उद्यापर्यंत थांबा, रजा मंजूर झालीय! पण त्यांचा डाव १६२ वर संपला. मुंबई एक डाव आणि ७० धावांनी जिंकली, तिसऱ्याच दिवशी. घरचा संघ जिंकला म्हणून हळहळणारा त्या दिवशी अख्ख्या महाराष्ट्रात मी एकटाच असेन. रात्री चौकटीत विजय लिहायला गेलो, तर शेजारच्या मंगळवारी माझ्या ‘रजा – मॅच’मधल्या ‘मॅच’वर एक हलकी रेघ मारलेली होती आणि पुढे बायकोच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘दळण’.

मंगळवारी मी गव्हाचा डबा घेऊन गिरणीत गेलो. समोर आठ डबे. नंबर नववा. पट्ट्याच्या त्या एकसुरी घरघरीत, पिठाच्या उबदार वासात उभं राहून मला अण्णांचा १९९१चा मंगळवार आठवला. दोघांच्या रजा मुंबईसाठीच. त्यांची पाहुण्यांच्या नावावर गेली, माझी पिठाच्या. घरी आलो तेव्हा भुवया पांढऱ्या झाल्या होत्या आणि गेटवर वॉचमन म्हणाला, ‘‘साहब, आज मैच नहीं?’’ त्याच्या आवाजात चक्क काळजी होती.

अंतिम सामना विदर्भाशी, वानखेडेवर, पाच दिवस चालला. १४ मार्चला, गुरुवारी, मी मीरा रोड स्टेशनच्या जिन्यावर असताना निकाल कळला: मुंबई १६९ धावांनी. शेवटचा गडी धवल कुलकर्णीने घेतला, त्याच्या कारकिर्दीच्या शेवटच्या सामन्यात. रिक्षात बसल्या बसल्या मी ठरवत होतो की चौकटीत काय लिहायचं, विजय लिहायचा की अण्णांसारखा नुसता एक आकडा. घरात शिरलो. कुकरची शिट्टी होत होती, बायको पाठमोरी होती. चप्पल काढता काढता नजर भिंतीवर गेली. ‘दूध अर्धा लि., बाई खाडा,’ आणि उजव्या बाजूला, पेन्सिलीने, तिच्या जरा तिरप्या अक्षरात: ४२.

‘‘हात धुऊन घ्या,’’ ती मागे न वळता म्हणाली. ‘‘डाळिंब्या केल्यात.’’