थांबला तो भोवंडला

पुण्यात व्यायाम सुरू करायला शरीर लागतंच असं नाही, बूट लागतात. बूट आणले की निम्मं काम झालं, आणि ते घालून सोसायटीचा जिना उतरलो की उरलेलं निम्मंही झालं, कारण तोवर चार बिऱ्हाडांत बातमी पोचलेली असते. ‘काय, चालायला वाटतं?’ हा प्रश्न पायात नवे बूट आणि हातात पाण्याची बाटली असलेल्या माणसालाच विचारतात. ‘नाही, श्राद्धाला’ असं म्हणायचा मोह मोठ्या कष्टाने आवरावा लागतो. उभं राहायचं, हसायचं, ‘हो, म्हटलं सुरू करावं’ असं म्हणायचं आणि मगच पुढे जायचं, ही आपली रीत. हीच रीत एक दिवस माझ्या जिवावर उठली.

मी पर्वती निवडली. घरापासून जवळ, तिकीट नाही, आणि पायऱ्या रुंद. पूर्वी या पायऱ्यांवरून हत्ती चढत असत, असं सांगतात. हत्तीला जमलं ते आपल्याला जमेल, असा माझा हिशेब. पण त्या पायऱ्या हत्तीच्याच मापाने बांधलेल्या आहेत. एका पावलात त्या संपत नाहीत, दोन पावलं टाकावीत तर दुसरं पाऊल भलतीकडेच पडतं. सकाळी सहाला तिथे जी मंडळी दिसतात त्यांना हे कोडं बहुधा जन्मतःच सुटलेलं असावं. अर्ध्या चड्डीतले एक आजोबा मला एकदा वर जाताना ओलांडून गेले आणि एकदा खाली येताना भेटले. दोन्ही वेळा ‘सावकाश हो’ म्हणाले. एक गृहस्थ तर उलटे, पाठमोरे उतरत होते आणि उतरता उतरता फोनवर कुणाला तरी झापतही होते.

मी वर पोचलो ते धापा टाकत, पण ताठ मानेने. आणि तिथेच हाक आली, ‘अरे, तू इथे?’

जुना ओळखीचा माणूस. हाक मारल्यावर हात हलवून पुढे जायचं म्हणजे ‘हल्ली मोठा माणूस झालाय’ हे पुढच्या लग्नकार्यात ऐकून घ्यायची तयारी हवी. मी थांबलो, खांबासारखा उभा राहिलो. त्याने इमारतीच्या पुनर्विकासाचा विषय काढला. बिल्डर किती टक्के वाढीव जागा देतो इथपर्यंत मला नीट ऐकू येत होतं. ‘कार्पेट एरिया’ म्हणेपर्यंत कडेकडेने पिवळं दिसायला लागलं. मग कानात शीळ वाजली, कपाळावर गार घाम आला, जीभ टाळूला चिकटली. समोरच्याचा आवाज बंद पडला आणि नुसती मिशी हलताना दिसू लागली. मी हाताला लागलेला कठडा धरून खाली बसलो. त्याला वाटलं, विषयात गोडी वाटली म्हणून बसला. तोही शेजारी बसला आणि पार्किंगकडे वळला.

डोळ्यांपुढे अंधारी आली की माणसाला देव आठवतो म्हणतात. मला शाळेतला इतिहास आठवला. पर्वतीवर देऊळ बांधणारे नानासाहेब पेशवे पानिपतानंतर, १७६१ साली, याच टेकडीवर वारले. १८१७ साली खडकीची लढाई दुसऱ्या बाजीरावांनी इथूनच पाहिली आणि पुढच्याच वर्षी राज्य गेलं. पर्वतीवर येऊन थांबलेल्यांचं पुढे फारसं बरं झालेलं नाही, एवढं मला त्या क्षणी लख्ख उमगलं.

घरी आलो. मी महिनोन् महिने बसून होतो तेव्हा माझ्या प्रकृतीची कुणी चौकशी केली नव्हती; भोवळ आल्याचं कळताच रीघ लागली. आणि जो येई तो आपलं स्वतःचं दुखणं माझ्या अंगाला बसतंय का, ते बघून जाई. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले आपलं साखर तपासायचं यंत्र घेऊनच आले. ‘शुगरच आहे, लिहून देतो,’ म्हणत त्यांनी माझं बोट टोचलं. आकडा ९८ आला, तसा त्यांचा चेहरा पडला. पट्टी जुनी असेल म्हणून दुसरं बोट टोचलं, तरी मी काही त्यांच्यात जमा होईना. समोरच्या वहिनींचं पित्त खवळतं. त्यांनी धन्याजिऱ्याचं पाणी, मोरावळा आणि आमसुलाचं सार अशी सोय एका तासात केली. मेहुण्याच्या मानेचे मणके झिजलेले; तो माळ्यावरून स्वतःचा पट्टा काढून घेऊन आला आणि ‘माझं झालंय वापरून’ अशा उदार मनाने माझ्या गळ्यात बांधून गेला.

ऑफिसातल्या मित्राच्या कानात बिघाड झाला होता. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे अगदी बारीक कण असतात. ते आपली जागा सोडून तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळ्यांत गेले, की नुसती कूस बदलली तरी खोली फिरते. एका डॉक्टरने त्याची मान ठरावीक क्रमाने वळवून ते कण जागेवर घातले होते. तोच प्रयोग तो आमच्या सोफ्यावर माझ्या मानेवर करायला निघाला होता. मेहुण्याचा पट्टा आडवा आला म्हणून वाचलो.

काकांचं निदान निराळं होतं. ‘टेकड्या कसल्या चढतोस? सूर्यनमस्कार घाल,’ ते म्हणाले. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत आणि त्यांनी संस्थानातल्या शाळांमध्येही ते सक्तीचे केले, हा काकांचा हातखंडा दाखला. तो सांगताना ते स्वतः आरामखुर्चीतून उठत नाहीत. आईने मात्र वाद घातला नाही. ‘नवे बूट बघून कुणाची तरी दृष्ट लागली,’ म्हणाली आणि मीठ-मोहऱ्या ओवाळून मोकळी झाली. बायकोने एवढंच विचारलं, ‘केळं खाऊन जा म्हटलं होतं, खाल्लंत?’ या प्रश्नाचं उत्तर तिला माहीत असल्यामुळे मी दिलं नाही.

शेवटी आमच्या जुन्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी पट्टा काढायला लावला. मग विचारलं, ‘खोली गरगर फिरली, की डोळ्यांपुढे अंधारलं?’ अंधारलं. ‘चढताना, की चढून झाल्यावर?’ झाल्यावर. ‘छातीत दुखलं? धडधड अनियमित वाटली? शुद्ध हरपली? घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं?’ नाही, नाही, नाही, नाही. ऐन व्यायाम चालू असताना शुद्ध हरपली किंवा छातीत दुखलं तर मात्र चौकशा करत न बसता तडक तपासणीला यायचं, असं त्यांनी बजावलं. रक्तदाबाची गोळी चालू आहे का, हेही विचारलं. मग मला आडवं करून रक्तदाब मोजला आणि उभं करून पुन्हा मोजला. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा वीसने किंवा त्याहून जास्त खाली आला तर त्याची वेगळी दखल घ्यावी लागते. माझा तेवढा आला नाही.

‘तुमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर पाणी कसं चढतं?’ त्यांनी विचारलं.

‘पंप लावला की.’

‘पंप बंद पडला तर?’

‘तिसऱ्या मजल्यावरच्या बायका खाली येतात.’

‘तुमचा मेंदू तिसऱ्या मजल्यावर आहे,’ डॉक्टर म्हणाले. उभ्या माणसाचं अर्धा लिटरहून जास्त रक्त पायांत आणि पोटात उतरतं. ते वर ढकलायचं काम पोटऱ्यांचे स्नायू करतात. चालताना ते आवळतात आणि शिरांमधल्या झडपा रक्त मागे फिरू देत नाहीत. चढण चढताना पायांतल्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात. अशा वेळी तुम्ही अचानक थांबलात की पोटऱ्या थांबतात, रक्त खालीच राहतं, दाब घसरतो आणि वरच्या बिऱ्हाडात अंधार होतो. त्यातून पोट रिकामं, पाणी कमी आणि चढताना दम रोखून धरलेला. मग बघायलाच नको. ‘तुम्हाला व्यायामाने चक्कर आली नाही. गप्पांनी आली,’ डॉक्टरांनी निकाल दिला.

‘थांबला तो संपला’ हे वाक्य ट्रकच्या मागे वाचताना मला कधी पटलं नव्हतं. ते शरीरशास्त्र आहे, हे दवाखान्यात कळलं.

उपाय सोपा निघाला. निघण्यापूर्वी केळं आणि पाणी. पहिली पाच-दहा मिनिटं सावकाश, शेवटची पाच-दहा मिनिटं त्याहून सावकाश. श्वास कोंडायचा नाही. आणि कुणी हाक मारलीच तर जागच्या जागी पावलं टाकत राहायचं. पहिल्या तिन्ही गोष्टी जमल्या. चौथी जमली, पण तिने घोटाळे केले. उभ्या उभ्या पाय हलवणाऱ्या माणसाशी कुणी फार वेळ बोलत नाही. पुनर्विकासवाल्याने माझे पाय बघितले, चेहरा बघितला आणि हळूच म्हणाला, ‘पायथ्याशी सोय आहे रे, जाऊन ये आधी.’

मग १५ ऑगस्ट आला. सोसायटीचं झेंडावंदन, आणि चेअरमनांचं भाषण स्वातंत्र्यापासून सुरू होऊन पाण्याच्या टँकरपर्यंत आलेलं. शाळेत असताना झेंडावंदनाला दरवर्षी एखादा मुलगा धाडकन कोसळायचा. बाई त्याला सावलीत नेऊन ग्लुकोज द्यायच्या आणि ‘न खाता आला असेल’ म्हणायच्या. आम्ही उन्हाला दोष द्यायचो. प्रमुख पाहुण्यांवर कधी कुणी संशय घेतला नाही. भाषणभर पुतळ्यासारखं उभं राहिल्यावर त्या पोराच्या पोटऱ्यांनी दुसरं काय करायचं?

मी आता शहाणा झालेलो, त्यामुळे टाचा वर-खाली करत उभा होतो. चेअरमनांनी ते पाहिलं आणि मला बोलायची घाई झालीय, असा अर्थ काढून भाषण आवरतं घेत माइक माझ्या हातात दिला. आभार मानायचे म्हणजे पुन्हा थांबणं आलं. तेव्हा मी वायर पुरेल तिथवर, झेंड्याच्या खांबापासून मीटरच्या खोलीपर्यंत, फेऱ्या मारत आभार मानले. लोकांना ते वक्तृत्व वाटलं. पुढच्या वर्षी प्रमुख वक्ता म्हणून माझं नाव ठरलं आहे.