फेब्रुवारीचे तीनशे

महाराष्ट्रातल्या माझ्यासारख्या नोकरदाराच्या पगारातून दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो आणि फेब्रुवारीत ३००. वर्षातला सगळ्यात तोकडा महिना, पण कात्री सगळ्यात लांब! राज्यघटनेच्या २७६व्या कलमाप्रमाणे हा कर माणशी वर्षाला २५०० रुपयांच्या वर नेता येत नाही. अकरा महिन्यांचे २२०० होतात, उरलेले ३०० सरकार फेब्रुवारीत काढून घेतं. मर्यादेतला शेवटचा रुपयाही सोडायचा नाही, या चिकाटीचं मला तरी कौतुक वाटतं.

दिल्लीत हा करच नाही. त्यामुळे आमचे दिल्लीकर मेहुणे कुठल्याही लग्नात पंगत बसली की विचारतात, ‘‘अजून भरता का हो तुम्ही ते?’’ तिकडे २०० युनिटपर्यंत विजेचं बिल शून्य येतं, हेही मठ्ठा येईपर्यंत सांगून होतं. मग बंगळूरची वहिनी बायकांच्या फुकट बसप्रवासाचं काढते. (व्यवसाय कर तिच्याही पगारातून जातो, त्याबद्दल ती अवाक्षर काढत नाही.) दुबईच्या चुलतभावाला तर आयकरच नाही. त्याला आम्ही या विषयात घेत नाही.

खरं तर माझ्या पगारातून जाणाऱ्या सगळ्या रकमांमध्ये कूळ-गाव सांगता येईल अशी ही एकच. १९७२च्या दुष्काळात खडी फोडण्याची, नालाबंडिंगची, पाझर तलावांची कामं निघाली. त्या वर्षीची सुकडी आणि लाल मिलोची भाकरी आठवणारी माणसं आजही भेटतात. मागेल त्याला काम द्यायचं, ही वि. स. पागे यांची कल्पना त्याच दिवसांत राज्यभर पोचली. पण काम द्यायचं म्हणजे मजुरीही आली. ती कुठून आणायची? म्हणून १९७५ साली हा कर बसवला. शहरातल्या पगारदारांनी भरायचा, तेवढीच भर राज्याने घालायची आणि त्यातून खेड्यातल्या हातांना काम द्यायचं. २००५ साली देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा झाला, तो याच वाटेने. म्हणजे मेहुण्यांच्या दिल्लीने कायदा केला, पण त्याआधी तीस वर्षं पैसे आम्ही मोजत होतो.

एवढं सगळं ऐकवल्यावर मेहुण्यांनी भाताचं आळं केलं आणि म्हणाले, ‘‘मग या फेब्रुवारीत कुदळ घेऊन जाताय का?’’

साताऱ्याची आत्या मात्र माझ्या बाजूची. पंचाहत्तरी ओलांडल्यापासून तिला एसटीत तिकीट पडत नाही. अर्धं तिकीट होतं तेव्हा ती विचार करून घराबाहेर पडायची, आता मेथीची जुडी स्वस्त मिळाली तरी कऱ्हाडला जाऊन येते. ‘‘माझं तिकीट तुझ्या त्या दोनशेतनंच निघतं ना रे?’’ असं म्हणत तिने माझ्या पानात आणखी दोन जिलब्या वाढल्या. एसटीची सवलत आणि व्यवसाय कर यांचा काडीचा संबंध नाही. पण जिलब्या संपेपर्यंत ते सांगायची काही घाई नव्हती.